तम्बोन : सयामच्या खेड्यातील कारभार



या स्मृतिव्याख्यानासाठी मी सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, खेडे निवडले याचे काहींना नवल वाटले असेल. मी आयुष्यभर मराठी शिकवली. परदेशाचा इतिहास हा माझा प्रांत नव्हे. परंतु शब्दाचे बोट धरून इतिहासात शिरण्याची जुनी खोड सुटत नाही. तिकडच्या राज्यकारभारातले शब्द पाहा. ‘मोन्थोन’ म्हणजे आपले मंडल. ‘थेसाफिबान’ म्हणजे देश अधिक अभिपाल. ‘सुखाफिबान’मध्ये सुख आहे आणि पुन्हा तोच अभिपाल. थाई जिभेवर पचा ब होतो आणि शेवटच्या लचा न, एवढे ध्यानात ठेवले की ओळख पटते. मात्र हे सारे संस्कृत शब्द वरच्या मजल्यावरचे. गावापाशी उतरलो की ‘तम्बोन’, ‘कम्नान’, ‘बान’ असे निराळ्या कुळातले शब्द भेटू लागतात. वरचा मजला आणि तळमजला यांच्यातील हे अंतर केवळ भाषेचे नाही, आणि आजचा विषय तोच आहे.

तम्बोन म्हणजे काही खेड्यांचा मिळून झालेला गट. त्याच्यावर अम्फो, म्हणजे साधारण आपला तालुका. खेड्याचा प्रमुख तो ‘फू-याय-बान’, शब्दशः गावातला मोठा माणूस. आणि अशा खेडेप्रमुखांपैकी एक जण तम्बोनचा कम्नान.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सयामच्या बाहेरगावच्या कारभाराला एक बोलके नाव होते : ‘किन म्युअंग’, म्हणजे नगर खाणे. अधिकाऱ्याला धड वेतन नसे. नेमलेल्या मुलखातून मिळणाऱ्या फी-फाळ्यावर आणि रयतेच्या वेठीवर त्याने आपले भागवावे, अशी रीत. मुलूख खाणे हा शब्दप्रयोग मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ही रीत मोडण्याचे काम राजे चुलालोंगकोर्न यांनी आपले सावत्र बंधू राजपुत्र दाम्रोंग राजानुभाव यांच्यावर सोपविले. चुलालोंगकोर्न स्वतः १८७२ साली हिंदुस्थानात येऊन कलकत्ता, मुंबई पाहून गेले होते. दाम्रोंगही युरोपच्या दौऱ्यावरून परतताना हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून गेले, आणि १८९२ मध्ये अंतर्गत कारभाराचे मंत्री झाले. इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश १८८५ साली गिळला होता. पुढे १८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका थेट बँकॉकपर्यंत चढून आल्या. ज्या राज्याला आपल्या खेड्यात काय चालते हे ठाऊक नाही, ते राज्य टिकत नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

त्याच १८९२ मध्ये अयुथ्याजवळच्या बांग-पा-इन येथे एक प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आपला खेडेप्रमुख निवडायचा आणि या प्रमुखांनी आपल्यातून कम्नान निवडायचा. प्रयोग साधला, म्हणून १८९७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच्या जागी १९१४ साली आलेला कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. दोनशेच्या आसपास वस्ती किंवा, घरे विखुरलेली असतील तर, निदान पाच घरे म्हणजे एक खेडे, असा त्याचा हिशेब.

आपल्याला येथे पाटील आठवतो. पण पाटलाला वतन होते आणि वतन वंशाने चाले. कम्नान निवडून येई. तरीही याला घाईने लोकशाही म्हणू नये, असे माझे मत आहे. निवडलेल्या माणसाने करायचे काय, तर माणसे मोजायची, गुन्हा कळवायचा, वसुलीला हातभार लावायचा आणि वरचा हुकूम घरोघर पोचवायचा. गावाने निवडलेला तो माणूस राज्याच्या हाताचे शेवटचे बोट झाला. १९०१-०२ मध्ये ईशान्येकडे आणि उत्तरेत फ्रे येथे जी बंडे उठली, त्यांच्या मुळाशी या नव्या कारभाराविषयीचा आणि करांविषयीचा रोष होताच.

दुसरी कथा अधिक प्रसन्न आहे. समुत साखोन (आपल्या भाषेत समुद्रसागर!) प्रांतात था-चिन नदीच्या काठी था-चालोम नावाचे मासळीच्या व्यापाराचे तम्बोन होते. तेथला बाजार इतका गलिच्छ, की एका बैठकीत दुसऱ्या एका बाजाराच्या घाणीला राजाने याच बाजाराची उपमा दिली. दाम्रोंग यांनी प्रांताधिकाऱ्याला लिहिले; त्याने कम्नान, खेडेप्रमुख आणि व्यापारी यांना बोलाविले. गावाने वर्गणी काढून विटांचा रस्ता बांधला, आणि त्याच्या उद्घाटनाला १९०६ च्या मार्चमध्ये स्वतः राजा आला. त्यानंतर दुकानांवरील कर तेथेच खर्चावा असे ठरले, आणि राजधानीबाहेरचे पहिले सुखाफिबान जन्मास आले. दिवाबत्ती, झाडलोट, रस्त्यांची डागडुजी ही त्याची कामे. गावचा पैसा गावात राहिला, हे मला विटांच्या रस्त्याहून मोठे वाटते. १८ मार्च हा दिवस थायलंडमध्ये स्थानिक स्वराज्याचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेले सक्तीचे शिक्षण १९०६ मध्येच राज्यभर नेले. दोन्हीकडे आधी एका तालुक्यात करून पाहायचे आणि मग पसरवायचे, ही रीत सारखी. आणि दोन्हीकडे पहिले पाऊल राजाचे.

१९३२ च्या क्रांतीनंतरच्या पुढील साठ वर्षांत कायदे पुष्कळ झाले, आणि लष्करी राजवटीही पुष्कळ. त्यातले एकच सांगतो. १९७५ मध्ये कुक्रित प्रामोज यांच्या सरकारने अडीच अब्ज बाहत तम्बोनांना दिले. उन्हाळ्यात कालवे खणावेत, रस्ते करावेत, गावातल्या हातांना काम मिळावे, हा हेतू. पैसा कुठे वाया गेला, कुठे कामी आला; पण खर्चाचा निर्णय तम्बोनच्या सभेत होऊ शकतो, हे गावाने पाहिले.

खरा बदल १९९४ च्या कायद्याने आला. लागोपाठ तीन वर्षे सरासरी दीड लाख बाहत उत्पन्न असलेल्या तम्बोनला स्वतःची प्रशासन संस्था मिळाली. सुरुवातीला तिच्यात कम्नान आणि खेडेप्रमुख पदसिद्ध होते. १९९७ च्या राज्यघटनेनंतर, १९९९ मध्ये ते वगळले गेले. २००३ पासून संस्थेचा अध्यक्ष थेट मतदानाने निवडण्याची तरतूद झाली. आता एकाच तम्बोनात दोन निवडलेली माणसे : एक अंतर्गत मंत्रालयाच्या साखळीतला कम्नान, जो २००८ च्या दुरुस्तीनंतर एकदा निवडला की साठीपर्यंत पदावर राहतो, दुसरा चार वर्षांनी पुन्हा मतदारांच्या दारी जाणारा अध्यक्ष. भांडण झाले की गावकऱ्याने पहिल्याकडे जावे, आणि खड्डा पडला की दुसऱ्याकडे.

२०१४ च्या लष्करी उठावानंतर या संस्थांच्या निवडणुका थांबल्या. त्या सात वर्षांत बहुतेक ठिकाणी जुनेच लोक खुर्चीवर राहिले. अखेर २८ नोव्हेंबर २०२१ रोजी पाच हजारांहून अधिक तम्बोन संस्थांसाठी एकाच दिवशी मतदान झाले. कम्नान मात्र या साऱ्या काळात आपल्या जागी होताच.