'नामशेष' लिहिण्याआधी: ओटो-मिसुरिया लोकांचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका टिपणात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, "मिसुरिया जमात अठराव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाली." मार्गदर्शकांनी 'नामशेष'भोवती गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं, "कोणी सांगितलं?" आजची पोस्ट त्या प्रश्नावर आहे.

आधी थोडक्यात इतिहास. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याला ज्यांचं नाव मिळालं ते मिसुरिया आणि नेब्रास्काकडचे ओटो, हे मूळचे भाऊबंद. दोघांच्या बोली चिवेरे या एकाच भाषेतल्या. देवीच्या साथी आणि लढाया यांमुळे मिसुरिया फार थोडे उरले आणि ओटोंच्या आश्रयाला गेले. ३ ऑगस्ट १८०४ रोजी लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीकाठी त्यांना भेटली, तेव्हा दोघे एकत्रच होते. १८५४च्या करारानं बहुतेक जमीन गेली, बिग ब्लू नदीकाठी राखीव पट्टा तेवढा उरला. १८८१मध्ये तोही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात, रेड रॉकच्या परिसरात जावं लागलं.

आता बघा, हे आपल्याला कशावरून कळतं? करार, सरकारी एजंटांचे अहवाल, प्रवाशांच्या रोजनिश्या. म्हणजे बरेचसे कागद जमीन घेणाऱ्यांच्या बाजूचे. समोरचे लोक 'संपत आलेत' असं लिहिणं त्यांच्या सोयीचं होतं. माझ्या टिपणातला शब्द तिथूनच आला होता.

मग हे कागद टाकून द्यायचे का? मुळीच नाही. १९४६मध्ये अमेरिकेत आदिवासींच्या जमिनीचे जुने दावे ऐकण्यासाठी आयोग नेमला गेला. ओटो-मिसुरियांनीही दावा लावला. नुसत्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीबद्दल भरपाई देणं लागत नाही, असं सरकारचं म्हणणं. १९५५मध्ये कोर्ट ऑफ क्लेम्सनं ते फेटाळलं. जमीन परत मिळाली नाही, पण वहिवाटीचा हक्क भरपाईला पात्र ठरला. आणि अशा दाव्यांत वहिवाट सिद्ध करायला कामी आले ते हेच जुने करार, नकाशे आणि रोजनिश्या! कागद तोच, फक्त त्याला विचारलेला प्रश्न वेगळा.

भाषेचंही तसंच. १९९६मध्ये ट्रूमन डेली वारले. ही बोली लहानपणापासून अस्खलित बोलणारे ते शेवटचे मानले जातात. इथेही 'भाषा संपली' असं लिहायचा मोह होतो. पण जमात आज स्वतःचा भाषा-कार्यक्रम चालवते. सदस्य तीन हजारांहून जास्त आहेत, रेड रॉकला त्यांचं स्वतःचं शासन आहे, आणि दर जुलैत सगळे मेळाव्याला जमतात.

म्हणून एक सवय लावून घ्या. प्रकरण सबमिट करण्याआधी फक्त क्रियापदं तपासा. 'राहत होते' लिहिलंय तिथे थांबा आणि विचारा, ते लोक आज कुठे आहेत? उत्तर शोधल्याशिवाय भूतकाळ वापरू नका. आपल्या एका शब्दानं जिवंत माणसं कागदावर मरतात, आणि पुढचा विद्यार्थी संदर्भ म्हणून आपलंच नाव देतो.