एक वाटी डाळ म्हणजे किती ग्रॅम?

रेसिपीत '२०० ग्रॅम तूरडाळ' लिहिलेलं असतं आणि घरात वजनकाटा नसतो. किंवा उलट, 'दोन वाट्या डाळ घ्या' असं असतं, पण वाटी कुठली ते कुणी सांगत नाही.

एक आकडा पाठ असला की बहुतेक काम भागतं. २४० मिलीचा मापाचा कप सपाट भरला, तर त्यात साधारण २०० ग्रॅम कोरडी डाळ मावते. तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा यांत थोडा फरक पडतो, पण रोजच्या स्वयंपाकात तो सोडून द्यावा. म्हणजे किलोभर डाळीचे पाच कप. राईस कुकरसोबत येणारा कप मात्र बहुधा १८० मिलीचा असतो, त्यात १५० ग्रॅमच बसते.

खरी अडचण वाटीची, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी. त्यावर सोपा उपाय आहे. अर्धा किलोचं नवं पाकीट फोडलं की ती डाळ वाटीने मोजत डब्यात भरा. चार वाट्या भरल्या तर तुमची वाटी १२५ ग्रॅमची, पाच भरल्या तर १०० ग्रॅमची. वाटी प्रत्येक वेळी सपाट भरा. शीग लावली की हिशेब चुकलाच. (जुन्या मापांतही घोळ कमी नव्हता. शेर वजनाचा असे तसा मापाचाही, आणि चार मापी शेरांची एक पायली.)

इडलीसाठी तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीदडाळ घेताना या गणिताची गरज नाही. वाटी एकच असली की प्रमाण आपोआप जमतं. आणि हा आकडा पिठाला लावू नका. बेसन हलकं असतं, कपभर बेसन साधारण १०० ते १२० ग्रॅमच भरतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती डाएटच्या हिशेबात. १०० ग्रॅम डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं, हा आकडा कोरड्या डाळीचा आहे. शिजताना डाळ पाणी शोषून दुप्पट-अडीचपट जड होते, वरणात आपण आणखी पाणी घालतो. त्यामुळे ताटातल्या वाटीभर वरणाला तोच आकडा लावला, तर पोटात गेलेलं प्रोटीन बरंच कमी असतं. ॲपमध्ये नोंद करतानाही 'कच्ची' की 'शिजवलेली' हे आधी पाहा.

त्यापेक्षा कुकर लावण्याआधीच मोजलेलं बरं. १२५ ग्रॅमची एक वाटी डाळ चार जणांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला सुमारे ३१ ग्रॅम कोरडी डाळ मिळते, म्हणजे जवळपास ७ ग्रॅम प्रोटीन. मग वरण घट्ट असो की पातळ.