गादीने खांदा वाचत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात बैलाचा खांदा सुजला की उपाय ठरलेला असतो: जुवाखाली पोत्याची घडी बांधा. तेवढ्याने भागले नाही तर आणखी एक. गादी जितकी जाड तितके जनावराला सुख, ही समजूत दयेपोटी आली आहे. पण समजूत दयाळू असली म्हणून खरी ठरत नाही.

पूर्वपक्षात तथ्य आहे. खडबडीत लाकूड आणि कातडे यांच्यामध्ये मऊ थर आला की घासणे कमी होते, भारही थोड्या अधिक जागेवर पसरतो. पण खांदा केवळ घासल्याने येत नाही, दाबानेही येतो. एकाच जागी दाब टिकला की तिथले रक्त अडते आणि कातड्याखालचे मांस दुखावते. जुवाची कड टोचत असेल तर घडीने ती झाकली जाते, टोचायची थांबत नाही.

शिवाय गादी कोरडी राहील, हे कुणी सांगितले? चिखलणी ऐन पावसात चालते. पोते पाणी, घाम, चिखल सगळे शोषते आणि भिजलेले कातडे लवकर सोलवटते. तेच पोते उन्हात वाळले की कडक होते, त्याच्या चुण्या रुततात. खाली जखम झालीच, तर ती दिसते अळ्या पडल्यावर.

मूळ दोष बहुधा बंडीत असतो. भार आसाच्या पुढे गेला की बंडी धुरजड होते आणि ओझे मानेवर येते. मागे गेला की उलाळ होते, जू वर उचलते आणि गळ्याखालचा पट्टा आवळतो. जोडीतला एक बैल उंच, दुसरा ठेंगणा असला तर जू तिरपे बसते आणि त्याची कड रुतते. यातले काहीही गादीने सुटत नाही.

घोड्यालाही हाच न्याय. माथेरानला मोटारी बंद, म्हणून माणसे आणि सामान घोड्यांच्या पाठीवर चढते. खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावा, कणा मोकळा राहावा. खोगीर अरुंद असताना खाली आणखी घडी घालणे म्हणजे घट्ट बुटात दुसरा मोजा चढवणे.

कुणी पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदशेकणीचा दाखला देईल: परंपरेनेही खांद्याला हळद-तूपच सांगितले ना? सांगितले, पण जू उतरवून. त्या दिवशी खांदा उघडा असतो, धन्याचा हात त्यावरून फिरतो आणि पोळ्याला बैल जुंपत नाहीत. परंपरेची साक्ष गादीच्या नव्हे, तपासणीच्या आणि विश्रांतीच्या बाजूने आहे.

कायद्याचा रोखही तोच. ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्रीय नियम दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम मना करतात. पारा ३७ अंशांपुढे जातो अशा भागात दुपारी १२ ते ३ जुंपणे मना आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात एवढा पारा रोजचाच. इजा करणारी टोके किंवा गाठी असलेले जूही चालत नाही.

तेव्हा गादी जरूर वापरा, पण सगळ्यात शेवटी. आधी जू तासून गुळगुळीत करा, जोडी उंचीला जुळवा, बंडीचा तोल आसावर आणा. खांदा सुजलाच असेल तर तो बरा होईपर्यंत बैल जुंपू नका.