संविधान सभेची रुखसत

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला संविधान सभेचा हिशेब मुलांना तोंडपाठ असतो. २ वर्षे, ११ महिने, १८ दिवस. पण ही माणसे शेवटी एकमेकांपासून दूर कशी झाली, हे पुस्तकात नसते.

२५ नोव्हेंबर १९४९ चे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण आपण भक्ती आणि राजकारणाबद्दलच्या इशाऱ्यासाठी आठवतो. त्याचा आधीचा भाग मात्र सरळसरळ निरोपाचा आहे. श्रेय माझे नाही, असे सांगून त्यांनी ते वाटून टाकले. कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, १४१ दिवस बसलेली मसुदा समिती आणि सर्वांत जास्त वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा. मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले, हेही ते विसरले नाहीत. खरे तर ओझे कोणी वाहिले हे सभेला ठाऊक होते. टी. टी. कृष्णमाचारींनी नोव्हेंबर १९४८ मध्येच सांगितले होते, की सात जणांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी अमेरिकेत, कोणी दिल्लीपासून दूर. भार शेवटी एकट्या आंबेडकरांवर पडला.

या समितीत एकच मुसलमान होते, आसामचे सर मुहम्मद सादुल्ला, तेही मुस्लिम लीगचे. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, २९ ऑगस्ट १९४७ ला नेमलेल्या समितीत ते होते, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले चमकून वर पाहतात.

मला त्या भाषणातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती विरोधकांचे आभार. कामत, अमरावतीचे पंजाबराव देशमुख, सिधवा, के. टी. शहा, कुंझरू... यांनी भांडून भांडून चर्चेत जान आणली, असे बाबासाहेब म्हणाले. मात्र मसुदा समितीला ‘भरकटलेली समिती’ म्हणणाऱ्या नझीरुद्दीन अहमद यांना त्यांनी त्याच भाषणात खणखणीत उत्तरही दिले. निरोपाच्या वेळी सगळे गोडच बोलावे, असा आपल्याकडचा रिवाज त्यांनी पाळला नाही, बरे केले.

दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले गेले. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी आपली खंत लपवली नाही: हे पहिले संविधान भारतीय भाषेत होऊ शकले नाही. मातृभाषेतून शिकवणाऱ्या माणसाला ही खंत लवकर कळते. मग एकेक सदस्य पुढे आला आणि अध्यक्षांशी हस्तांदोलन करून गेला. दोन दिवसांच्या एवढ्या भाषणांनंतर शेवट असा मुक्यानेच झाला.

तरी ती पुरती रुखसत नव्हती. २४ जानेवारी १९५० ला सगळे पुन्हा जमले. तीन प्रतींवर सह्या झाल्या. ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ गायले गेले. दोनच दिवसांनी हीच सभा हंगामी संसद झाली. सह्या फक्त सदस्यांच्या होत्या. राव सदस्य नव्हते, मुखर्जीही नव्हते. मध्यरात्रीपर्यंत जागणारे ते कर्मचारी तर नव्हतेच.