बंद बाल्कनीचा इतिहास

बाबांची बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, झोप पुरी व्हायला हवी. आमचं घर वांगणीत, पहिल्या मजल्यावर. बाल्कनी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पहाटेच्या पहिल्या लोकलआधीच रिक्षांचे हॉर्न सुरू होतात. शेवटी स्लाइडिंगवाल्याला बोलावलं. त्यानं माप घेतलं आणि म्हणाला, "काका, काच लागली की गाडी गेलेली कळणारसुद्धा नाही."

कळायची. हॉर्न आणि भांडणं कमी झाली, पण मालगाडीची घरघर तशीच आत यायची. असं का, हे शोधताना मी बंद बाल्कन्यांच्या इतिहासात शिरलो.

पैसे मोजून शांतता मिळवायची धडपड जुनीच आहे. लंडनमध्ये टॉमस कार्लाइल शेजारच्या कोंबड्यांना आणि पियानोला इतका कंटाळला, की त्यानं घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची खोली बांधायला घेतली. साल १८५३. त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. कार्लाइलच्या खोलीनं त्याची निराशा केली. जवळचे आवाज अडले, तर दूरचे ऐकू यायला लागले. आपल्याकडे १८५६ पर्यंत कल्याणहून निघालेले रूळ आमच्या या भागातून खोपोलीपर्यंत पोचले होते.

मुंबईच्या बाल्कन्या मात्र आधी आवाजासाठी बंद झाल्या नाहीत. चाळीतल्या गॅलरीला काच लावणं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. ती सगळ्यांची वाट होती. फ्लॅट आले आणि सज्जा एकेका कुटुंबाच्या वाट्याला आला. १९९१च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मजल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत बाल्कनी एफएसआयमध्ये धरली जात नसे आणि अधिमूल्य भरून ती बंदही करता येई. मग बिल्डर बाल्कनी खोलीतच घेऊ लागले. २०१२मध्ये मुंबईत नियम बदलले, बाल्कनी एफएसआयमध्ये मोजली जाऊ लागली. उपनगरांत आणि त्यापलीकडे लोकांनी आपापल्या परीनं तेच केलं : आधी ग्रिल, मग पावसासाठी पत्रा, मग सरकती काच. मुलाच्या अभ्यासाला कोपरा हवा, वॉशिंग मशीनला जागा हवी, ही खरी कारणं. शांतता हा वरचा फायदा.

म्हणूनच ती अर्धवट मिळते. सरकती काच सरकण्यासाठी तिच्याभोवती फट ठेवावीच लागते आणि आवाज हवेबरोबर येतो. भिंतीच्या शंभराव्या भागाएवढी फट उघडी असेल, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, साधारण वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. शिवाय घरघरीसारखे खालच्या पट्टीतले आवाज पातळ काचेला जुमानत नाहीत. त्यांना वजन लागतं, किंवा मध्ये पोकळी ठेवून दोन काचा, त्याही वेगवेगळ्या जाडीच्या. बिजागरीवर उघडणारी, कडेनं रबर लावलेली खिडकी सरकत्या खिडकीपेक्षा बरी. हे सगळं महाग. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. रस्त्यानं ती पाळली नाही, की तिचा खर्च ज्याच्या त्याच्या बाल्कनीवर पडतो.

इथवर माझा निबंध तयार होता. त्यात वांगणी कुठेच नव्हती.

वांगणीत बरीच दृष्टिहीन कुटुंबं राहतात. लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून कित्येकांचं घर चालतं. १७ एप्रिल २०२१ला इथल्याच फलाटावरून दृष्टिहीन आईचा मुलगा रुळांवर पडला. पॉइंट्समन मयूर शेळके समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसच्या दिशेनं धावले आणि त्यांनी त्याला वाचवलं. ते चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. मीही पाहिलं, आणि विसरलो.

काच लागून महिना झाला असेल. पुढच्या गल्लीतल्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांना दिसत नाही. आईला म्हणाल्या, "ताई, मशीन विकली का?"

आई दुपारपासून बाल्कनीत बसून ब्लाउज शिवते. मशीन जागेवरच होती. काकू सांगू लागल्या : पिठाच्या गिरणीचा आवाज आला की डावीकडे वळायचं, तुमची मशीन ऐकू आली की गेट संपलं, पुढे उघडं गटार, तिथं काठी जपून टाकायची. "महिनाभर मोजून चालतेय. दोनदा चुकले."

काच दोन्ही बाजूंनी आवाज अडवते, हे मी शिकलो होतो. आपल्याही घराचा आवाज रस्त्यावर जातो आणि तो कुणाला तरी लागतो, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

बाबा म्हणाले, "मला झोप रात्री लागते, मशीन दिवसा चालते. उघडा की ती काच." आता काकूंच्या परतीच्या वेळेला आई एक काच सरकवते. त्या दिवशी शिवण नसलं, तरी पायडल मारते. गटारावर झाकण टाका म्हणून आम्ही अर्जही दिला आहे. झाकण अजून आलेलं नाही.