क्राउन-पिनियनचा बाजार : देहू परिसर आणि जुन्या पिकअपचे सुटे भाग

देहूहून तळवडे, चिखली आणि मोशी या गावांमधून आळंदीला जाणारा रस्ता दोन तीर्थक्षेत्रांना जोडतो. परंतु पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यांच्या मधून तो जात असल्यामुळे गेल्या काही दशकांत त्याच्या आसपास वर्कशॉप, गॅरेज आणि भंगाराची गोदामे यांची दाट वस्ती उभी राहिली. कंपनीने बनवणे थांबवलेल्या पिकअप गाड्या या भागात पुढेही धावत राहिल्या, त्यामागे या वस्तीचा आणि तिला जन्म देणाऱ्या कारखानदारीचा मोठा वाटा आहे.

इंजिनात निर्माण होणारी ताकद चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या भागांची एक साखळी असते. क्लच इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडतो किंवा त्यापासून सोडवतो. गिअरबॉक्समधून निघणारी गती प्रोपेलर शाफ्ट हा लांब फिरता दांडा मागे नेतो. या दांड्याच्या टोकांना असलेले ‘क्रॉस’, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचे चार टोकांचे तुकडे, गाडी हेलकावली तरी दांडा फिरता ठेवतात. आणि शेवटी डिफरन्शिअलमधील क्राउन व पिनियन ही दातेरी चाकांची जोडी ती गती काटकोनात वळवून एक्सलच्या दांड्यांना देते. यांतील क्लच प्लेट, क्रॉस आणि बेअरिंग हे झिजणारे भाग असल्याने ते नेहमीच विकले जातात, मात्र गिअरबॉक्समधील चाके आणि क्राउन-पिनियन मोडली, तर जुन्या गाडीच्या मालकाची खरी शोधाशोध सुरू होते.

हे भाग स्थानिक पातळीवर मिळण्याची पूर्वपीठिका औद्योगिकीकरणात आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६६ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, येथे आपला पुणे प्रकल्प उभारण्यास प्रारंभ केला. या प्रकल्पातून पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले, १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक आला आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप बाजारात उतरली. आकुर्डीत बजाज टेम्पो मॅटॅडोर बनवत होती आणि चिंचवडला एसकेएफची बेअरिंगे तयार होत होती. अशा मोठ्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या लघुउद्योगांमुळे गिअर कापणे, धातूला पाणी देणे, शाफ्टचे संतुलन साधणे ही कामे जाणणारे कारागीर भोसरी, चिंचवड आणि पुढे तळवडे येथे तयार झाले.

एखादा भाग आज मिळेल की नाही हे गाडीच्या वयापेक्षा तिच्या भावंडांवर अधिक अवलंबून राहिले. टाटामोबाइलच्याच मूळ रचनेवर १९९१ मध्ये सिएरा, त्यानंतर इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो आधारलेली असल्याने, सुमोच्या मोठ्या खपाचा लाभ जुन्या पिकअपलाही झाला आणि तिच्या अनेक भागांना गिऱ्हाईक टिकून राहिले. याउलट मॅटॅडोरची ताकद पुढच्या चाकांना मिळत असे; त्यामुळे मागील एक्सलला ताकद देणाऱ्या इतर मालवाहू गाड्यांचे भाग तिला उपयोगी पडत नसत आणि तिच्या मालकाला मोडीत निघालेल्या दुसऱ्या मॅटॅडोरचाच शोध घ्यावा लागे.

या व्यापाराच्या ढोबळ पायऱ्या ठरलेल्या आहेत. नवा माल कंपनीच्या विक्रेत्याकडे किंवा पुण्यातील नाना पेठेसारख्या बाजारात मिळतो आणि तेथे ‘जेन्युइन’, म्हणजे वाहन कंपनीच्या शिक्क्याचा, आणि ‘लोकल’, म्हणजे अन्य उत्पादकाचा, असा भेद भावावरून लगेच कळतो. नवा माल संपला की जुन्या बाजाराकडे वळावे लागते. तेथे जाणकार मिस्त्री क्राउन आणि पिनियन कधीही वेगवेगळ्या गाड्यांमधून घेत नाही, कारण ही चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. शिवाय क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर गुणोत्तर ४.१ येते, आणि हे गुणोत्तर बदलले की ओढ, वेग व इंधनाचा खर्च हे सारेच बदलते. म्हणून जुना सेट घेताना दात मोजणे, त्यांच्यावरील झिजेची खूण पाहणे आणि दोन्ही चाकांवरील जोडीचा क्रमांक ताडून पाहणे ही पद्धत रूढ झाली.

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय वाहन मोडीत धोरणाने नोंदणीकृत केंद्रांत गाड्या मोडण्यावर भर दिला, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील भंगार गोदामे, गॅरेज आणि लघुउद्योगांची हजारो बांधकामे अनधिकृत ठरवून पाडली. प्रदूषण, वारंवार लागणाऱ्या आगी आणि बेकायदा बांधकाम यांविषयीची प्रशासनाची बाजू त्यात होती. तथापि जुन्या मालाची पारख ज्यांच्या हातांत होती, अशा व्यावसायिकांपैकी अनेकांना या कारवाईमुळे जागा सोडावी लागली. नवी केंद्रे धातू वितळवण्यालाच प्राधान्य देतात की वापरण्याजोगा गिअरबॉक्स आणि एक्सल वेगळे काढून विकण्याची सोय ठेवतात, यावर या पट्ट्यातील जुन्या पिकअपचे पुढचे आयुष्य मोठ्या प्रमाणात ठरणार आहे.