हिरवा कोळी आणि लाल कोळी : एका जातिनिर्णयाचा इतिहास

उन्हाळ्याच्या दिवसांत वांगी, भेंडी किंवा गुलाब यांच्या पानांवर पांढुरके ठिपके उमटू लागले आणि पानांच्या मागील बाजूस बारीक जाळे दिसू लागले, म्हणजे पिकावर 'लाल कोळी' पडला असे महाराष्ट्रातील शेतकरी म्हणतो. हा प्राणी खरा कोळी नव्हे. आठ पाय आणि जाळे विणण्याची सवय यांमुळे त्याला हे नाव मिळाले असले, तरी तो माइट या सूक्ष्म प्राण्यांपैकी असून त्याचे कुल टेट्रॅनिकिडी हे होय. प्रौढ मादीची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. या कुलातील अनेक जाती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, त्यांचे अभिज्ञान हा प्राणिवर्गीकरणातील एक बिकट प्रश्न ठरला. त्या प्रश्नाचे स्वरूप एका वादाच्या इतिहासातून विशेष स्पष्ट होते. पाठीवर दोन काळसर डाग असलेला हिरवट कोळी आणि उष्ण प्रदेशांत आढळणारा गडद लाल कोळी या दोन जाती आहेत की एकच, हा तो वाद होय.

वादाचे मूळ नामकरणातच आहे. लिनीअसने 1758 साली जाळे विणणाऱ्या एका माइटला 'अ‍ॅकॅरस टेलॅरियस' असे नाव दिले. त्याचे वर्णन अगदी त्रोटक होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ल्यों द्यूफूर याने 1832 साली 'टेट्रॅनिकस' हा वंश स्थापन केला, आणि 1836 साली जर्मनीतील कार्ल लुडविग कॉख याने खाजकुइलीसारख्या दाहक नेटल वनस्पतीवरील कोळ्याचे 'टेट्रॅनिकस अर्टिसी' या नावाने वर्णन केले. पुढे 1867 साली ब्वादुव्हाल याने फ्रान्समध्ये बागायतीवरील कीटकांविषयी लिहिताना लाल रंगाच्या कोळ्याला हिंगुळाच्या रंगावरून 'सिनाबेरिनस' हे नाव दिले. त्या काळी वर्णनाचा आधार रंग आणि आश्रयवनस्पती एवढाच असे. अर्टिसी तर एक हजाराहून अधिक वनस्पतींवर जगू शकतो. नवी वनस्पती किंवा नवी छटा दिसली की नवे नाव द्यावयाचे, अशा रीतीने एकाच प्राण्याच्या नावांची रास साचत गेली.

रंगाची साक्ष किती फसवी असते हे पुढे ध्यानात आले. समशीतोष्ण प्रदेशातील हिरव्या कोळ्याच्या माद्या दिवस लहान होऊ लागले की सुप्तावस्थेत जातात. त्या वेळी त्यांच्या पाठीवरचे डाग नाहीसे होतात आणि शरीर नारिंगी-तांबडे होते. म्हणजे हिवाळ्यातील हिरवा कोळीही पाहणाऱ्याला लालच दिसतो. उलटपक्षी, लाल रंगाचा प्रत्येक कोळी सिनाबेरिनस असतो असेही नाही. भारतात भाजीपाल्यावर आढळणारा टेट्रॅनिकस लुडेनी हाही लालच असतो. तो मात्र निराळी जाती आहे यात शंका नाही.

रंगावरचा विश्वास उडाल्यावर अभ्यासकांचे लक्ष शरीररचनेकडे वळले. सर्वांत विश्वसनीय लक्षण ठरले ते नराच्या मैथुनांगाचे. त्याच्या टोकाला जी गाठ असते तिचा आकार, तिच्या दोन्ही टोकांची तीक्ष्णता आणि देठाशी होणारा कोन यांवरून कित्येक जाती ओळखता येतात. परंतु ही गाठ काही सहस्रांश मिलिमीटर एवढीच असते, आणि नर काचपट्टीवर नेमका कुशीवर बसवल्याखेरीज तिची बाह्यरेषा दिसत नाही. नमुना जरा कलला तरी गाठीचा आकार बदललेला भासतो. शेतातून आणलेल्या नमुन्यात केवळ माद्याच असतील तर हे साधनही निरुपयोगी ठरते.

अमेरिकेतील प्रिचर्ड आणि बेकर यांनी 1955 साली या कुलाचा विस्तृत पुनर्विचार प्रसिद्ध केला. त्यांनी हिरव्या-लाल अशा अनेक रूपांना 'टेलॅरियस' या एकाच नावाखाली आणले. पुढच्याच वर्षी, 1956 साली, बूद्रो यांनी या निर्णयाला हरकत घेतली. त्यांनी केवळ मृत नमुन्यांवर विसंबून न राहता जिवंत वसाहती वाढवून परस्परसंकराचे प्रयोग केले. मादीच्या पाठीवरील सूक्ष्म रेषांवर जे उंचवटे असतात, ते लाल रूपात त्रिकोणी आणि हिरव्या रूपात रुंद व गोलसर असतात असे त्यांचे निरीक्षण होते. यावरून सिनाबेरिनस ही स्वतंत्र जाती होय असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो पुढे अनेकांनी स्वीकारला. लिनीअसचे 'टेलॅरियस' हे नाव लिंडन वृक्षावरील निराळ्याच कोळ्याला उद्देशून असण्याचा संभव असल्यामुळे ते मागे पडले आणि हिरव्या कोळ्यासाठी कॉखचे 'अर्टिसी' हे नाव रूढ झाले.

संकराची कसोटी वरवर पाहता निर्णायक वाटते. तथापि या प्राण्याच्या बाबतीत तिचा अर्थ लावणे सोपे नाही. येथे फलन न झालेल्या अंड्यातूनही जीव जन्माला येतो. मात्र तो नेहमी नर असतो आणि त्याच्या पेशींत 3 गुणसूत्रे असतात. फलित अंड्यातून 6 गुणसूत्रांची मादी निपजते. म्हणून संकरानंतर पिल्ले झाली एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. मुली झाल्या की नाही आणि त्या मुलींची अंडी जगली की नाही, हे पाहावे लागते. हेले आणि त्यांचे नेदरलंड्समधील सहकारी यांनी 1960 नंतरच्या वर्षांत असे दाखवले की, जवळजवळच्या काचघरांतील हिरव्या कोळ्यांच्या वसाहतींमध्येही संकर केल्यास अंडी मोठ्या प्रमाणावर मरू शकतात. ज्यांना सर्वजण एकच जाती मानत होते त्यांच्यातही अंशतः वंध्यत्व आढळले, तेव्हा वंध्यत्व म्हणजे जातिभेद हे समीकरण डळमळीत झाले. पुढे वोल्बाकिया या पेशीत राहणाऱ्या जिवाणूमुळेही दोन वसाहतींमधील संकर असफल होऊ शकतो असे दिसून आले. म्हणजे अडथळा प्राण्याच्या वंशातला नसून त्याच्या अंगातील पाहुण्याचाही असू शकतो.

ड्युपाँ यांनी 1979 साली हिरव्या व लाल रूपांमध्ये जनुकांची देवाणघेवाण होऊ शकते असे प्रतिपादून दोन्ही नावे समानार्थी ठरवली. त्यानंतर जनुकद्रव्याच्या अनुक्रमांचा पुरावा हाती आला. 2011 साली अर्टिसीचा सुमारे 9 कोटी घटकांचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. 2013 साली ओजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या व नव्या पुराव्यांचा एकत्र परामर्श घेऊन लाल आणि हिरवा कोळी ही एकाच जातीची दोन रूपे होत, असा निर्णय दिला. दोहोंपैकी आधीचे असल्यामुळे 'अर्टिसी' हेच नाव ग्राह्य ठरले. असे असूनही काही संशोधक त्यानंतरही लाल रूपाला सिनाबेरिनस म्हणत राहिले.

हा वाद केवळ नावांचा आहे असे मानणे चुकीचे होईल. हा प्राणी कीडनाशकांना प्रतिकार करण्यात अग्रेसर आहे. लाल आणि हिरवा या भिन्न जाती मानल्या, तर एकावरील प्रतिकाराची नोंद दुसऱ्याच्या संदर्भात कोणी वाचत नाही. त्या एक असतील, तर एका वसाहतीतील प्रतिकाराची जनुके दुसरीत जाऊ शकतात. उलट बाजूचे उदाहरण टोमॅटोवरील टेट्रॅनिकस इव्हान्सी याचे आहे. मॉरिशसमधील नमुन्यांवरून 1960 साली वर्णिलेली ही जाती लाल अर्टिसीसारखी दिसते, पण नराच्या मैथुनांगावरून वेगळी ओळखता येते. अर्टिसीवर उत्तम काम करणारा फायटोसियुलस परसिमिलिस हा भक्षक माइट तिच्यावर मात्र निभाव धरत नाही. येथे दोन जाती एक मानणाऱ्याचा भक्षकावरील खर्च वाया जातो आणि पीकही हातचे जाते.

सारांश, दोन सदृश रूपे पाहून त्यांना एकत्र करावे की वेगळे ठेवावे, याचे सरसकट उत्तर नाही. अर्टिसी व सिनाबेरिनस यांच्या बाबतीत पुरावा ऐक्याच्या बाजूने झुकला, इव्हान्सीच्या बाबतीत भेदाच्या. रंग, रेषांवरील उंचवटे, मैथुनांग, संकर आणि जनुकद्रव्य ही पाच प्रकारची साक्ष होय, आणि प्रत्येकीची मर्यादा तिच्या पुढच्या साक्षीने उघड केली. ज्यांचे निर्णय नंतर बदलले त्यांचे श्रम व्यर्थ गेले असे मात्र नाही. बूद्रो यांनी जिवंत वसाहतींचा प्रश्न पुढे आणला नसता, तर त्याचे उत्तर शोधण्याची गरजच कोणास वाटली नसती. शेतकऱ्याचा 'लाल कोळी' हा शब्द बांधावर पुरेसा आहे. प्रयोगशाळेत मात्र तो अन्वेषणाचा आरंभ होय.